त्यांनी अर्धा ठेवलेला हापीचा लेख

आमचे हे इजिप्तमधून कितीदा गेले असतील, पण तिथल्या मातीला त्यांचा पाय कधी लागला नाही. मालवाहू जहाजावर ते फिटर होते, इंजिनरूममध्ये. सुएझच्या कालव्यात जहाज शिरलं की काम आटोपून वर यायचे आणि कठड्याला टेकून दोन्हीकडची वाळू बघत राहायचे. कालव्याच्या तोंडाशी नांगर टाकून थांबावं लागलं की छोट्या होड्या जहाजाला येऊन बिलगायच्या. त्यांतले विक्रेते पितळी मांजरं, दगडी भुंगे, पपायरसवरची चित्रं विकायचे. ह्यांनी त्यांच्याकडून घेतलं ते एक पुस्तक, पर्यटकांसाठीचं, रंगीत चित्रांचं. फोन लागला की सांगायचे, "आज पन काय दिसलं नाय गो. वाळू, वाळू आनि मंग परत पानी. नदी तिकडं लांब हाय म्हनतात."

त्यांना नदी बघायची होती. पिरॅमिडांचं त्यांना विशेष काही नव्हतं. उरणकडच्या कोळीवाड्यात, खाडीच्या काठावर जन्मलेला माणूस. कुठल्याही बंदरात गेले तरी तिथे गोडं पाणी कुठून येतं, भरती कुठवर चढते, हे आधी विचारून घ्यायचे.

माझं माहेर पनवेल शहरातलं. समाज तोच, पण वडील कचेरीत नोकरीला लागले आणि त्यांनी घरात 'आमी' आणि 'तुमी' बोलायला बंदी केली. 'ह' कुठे गेला, असं विचारायचे, आणि तो सापडेपर्यंत वाक्य पुढे जाऊ द्यायचे नाहीत. त्यामुळे लग्न झाल्यावर ह्यांचं बोलणं ऐकताना मला लहानपणी दारातूनच परत पाठवलेलं कुणीतरी घरात आल्यासारखं वाटलं. ते मला मास्तरीण म्हणायचे. काम माझं तेच होतं. कामोठ्यातल्या आमच्या हॉलमध्ये मी मराठी आणि इतिहासाच्या शिकवण्या घेते, अजूनही.

पुढे ह्यांचा श्वास पुरेनासा झाला. जिने चढताना थांबायला लागले, मग सपाटीवरही. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं कडक होत चालली आहेत, आता जहाज नाही. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं आणि हॉलच्या खिडकीशी त्यांची खुर्ची लागली. दुपारी मुलं यायच्या आधी हॉल रिकामा असे, तेव्हा ते माझ्या कॉम्प्युटरवर बसत. नाकात नळी, डोळ्यांवर माझाच जुना चष्मा. आधी नुसतं वाचत. मग एक दिवस म्हणाले, "मराठीत नाईलच्या पुराच्या देवावर कुनी काय लिवलंच नाय गो. आपन लिवायचं का?"

इंटरनेटवर मराठीत एक ज्ञानकोश आहे. त्यात कुणीही लेख लिहू शकतं आणि कुणीही तो सुधारू शकतं. ह्यांनी त्यात खातं काढलं आणि लेख सुरू केला. नाईलला दरवर्षी पूर यायचा, त्या पुरालाच जुने इजिप्ती लोक देव मानायचे. त्याचं नाव हापी. मोठं पोट, लोंबती छाती, डोक्यावर पाणवनस्पती. ह्यांना तो फार आवडला. "बाप हाय का आई हाय, कललंच नाय पायजे. पानी असंच असतं," म्हणाले.

लिहिताना ते माझ्यासारखी मराठी लिहीत. प्रत्येक 'ह' जिथल्या तिथे. एका दुपारी मी पोळ्या करत होते तर बाहेरून हसण्याचा आवाज, आणि हसण्यामागून खोकला. मी धावत गेले. ते पडद्याकडे बोट दाखवत होते. जुन्या इजिप्ती भाषेत 'ह'सारखे चार वेगवेगळे आवाज होते असं त्यांना कुठेतरी सापडलं होतं. एक साधा, एक घशातला, एक आपल्या 'ख'च्या जवळचा, आणि चौथा कसा हे कुणाला नीट ठाऊक नाही. खोकला थांबल्यावर म्हणाले, "बग गो, आमच्या तोंडात एक ह रात नाय, आनि या लोकांकडं चार चार! तुज्या बाबांना सांगायला पायजे होतं."

ते गेले तेव्हा लेख अर्धाच होता.

त्यानंतर बरेच महिने मी तो कॉम्प्युटर फक्त प्रश्नपत्रिका काढायला उघडत होते. एकदा त्यांच्या मेलवर काही आलंय का बघायला गेले, तर ज्ञानकोशातून आलेली सूचना पडून होती. कुणी एका संपादिकेने लिहिलं होतं: लेखात संदर्भ नाहीत. देवाच्या नावाचं लिप्यंतर चुकीचं आहे. दोन वेगळ्या देवांची माहिती एकत्र झालेली दिसते. संदर्भ न दिल्यास ही वाक्यं काढावी लागतील. मी लेख उघडला. ह्यांच्या जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी चौकटी कंसात बारीक अक्षरांत तेच ते दोन शब्द लागलेले होते: संदर्भ हवा.

मला राग आला. मी तिथेच उत्तर लिहिलं, "लेखक हयात नाहीत. कृपया लेखाला हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यांनी मनापासून दुःख कळवलं होतं. पुढे लिहिलं होतं की इथे लेख एकट्याचा नसतो, तो वाचणाऱ्याचा असतो, आणि चुकीची माहिती तशीच ठेवता येणार नाही. शेवटी फोन नंबर होता. वाटलं तर बोला.

मी भांडायलाच फोन केला. पलीकडे अकोल्याच्या एक बाई होत्या. आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलेलं, दुकान आता लेकीकडे सोपवलं होतं, आणि जुनी इजिप्ती भाषा त्या स्वतःच्या हौसेने पुस्तकांवरून शिकल्या होत्या. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, मी काही तुमच्या मिस्टरांना खोटं नाही पाडून राहिले. पण दुकानात मी आयुष्यभर हेच पाह्यलं. एका अक्षरानं औषध बदलतं. हापी दोन आहेत."

"म्हणजे?"

"एक पुराचा. आणि दुसरा मेलेल्या माणसाच्या फुप्फुसांची राखण करणारा, माकडतोंड्या. आपण दोघांनाही हापीच लिहितो. पण जुन्या इजिप्ती लेखनात पुराच्या हापीत मधे एक घशातलं अक्षर आहे, ते दुसऱ्यात नाही. तुमच्या मिस्टरांनी दोघं एकत्र केले."

मी लेख पुन्हा वाचला. होतं खरं. पुराचं वर्णन चालू असताना मधेच वाक्य येत होतं: 'हापी मृतांच्या फुप्फुसांचे रक्षण करतो.' ते वाक्य त्यांनी कधी लिहिलं असेल, मशीन आल्यावर की त्याच्या आधी, हे मला माहीत नव्हतं. विचारायला माणूस नव्हता. मी फोन ठेवला आणि त्या खुर्चीकडे बघायचं टाळत स्वयंपाकघरात गेले.

तरी आठवड्याने मीच पुन्हा फोन केला. म्हटलं, मला शिकवा.

त्या शिकवायला लागल्या. जुन्या इजिप्ती लेखनात स्वर लिहीतच नाहीत, फक्त व्यंजनं. मधले स्वर आपण बोलण्याच्या सोयीसाठी घालतो, मूळ उच्चार कुणालाच ठाऊक नाही. म्हणून लेखाचं शीर्षक प्रचलित रूपात द्यायचं, हापी, आणि पहिल्या ओळीत अभ्यासकांच्या पद्धतीने अचूक लिप्यंतर: ḥꜥpj. 'एच'च्या खाली टिंब, कारण तो चारांतला घशातला 'ह'. त्याच्यापुढे वर चढवलेली छोटी कोर, ते मधलं अक्षर. फुप्फुसांच्या हापीचं नुसतं ḥpj. ह्यांनी कोरेच्या जागी साधा अवतरणाचा काटा दिला होता, त्या रंगीत पुस्तकात पाहून.

"काटा आणि कोर, एवढं काय?" मी विचारलं.

"शोधणाऱ्याला काट्यानं सापडत नाही," बाई म्हणाल्या. "आणि काटा दोन अक्षरांसाठी वापरतात लोक. वाचणाऱ्यानं कोणतं समजायचं?"

आणखी एक भानगड होती. शेवटच्या अक्षराला कुणी 'जे' लिहितात, कुणी 'वाय', कुणी 'आय'. तिन्ही चालतात, पण एका लेखात एकच पद्धत धरायची आणि ती कोणत्या कोशातली ते सांगायचं. स्वतःच्या डोक्याने लिप्यंतर रचायचं नाही. कोशात बघायचं, पान क्रमांक टिपायचा, मग लिहायचं. बाई मला कोशाच्या पानाचा फोटो पाठवायच्या. इतर पुस्तकांसाठी मी खारघरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात जायला लागले. तिथल्या ग्रंथपालांनी ओळखपत्र नसताना सकाळी बसायची परवानगी दिली. शिकवण्यांच्या आधी घरी पोहोचायचं म्हणून मी घाईने पानं चाळायचे. मुली अभ्यास करत असायच्या आणि त्यांच्यात मी चष्मा लावून पुराच्या देवाला शोधत असायचे.

मला ते आवडायला लागलं. ह्यांचं एखादं वाक्य घ्यायचं आणि जगातल्या कुठल्या तरी पानावर त्याला आधार शोधायचा. 'पूर आला की लोक आनंद करत, आला नाही की उपास पडत.' सापडलं. पान लिहून घेतलं, घरी येऊन वाक्यापुढे संदर्भ जोडला, आणि ते दोन शब्द निघून गेले. त्या दिवशी मी मुलांना गृहपाठ दिला नाही.

फुप्फुसांचं वाक्य काढून मी दुसऱ्या हापीचा वेगळा लेख केला. तिथे ते बरोबर होतं. त्याला संदर्भही मिळाला. असं एकेक करत आम्ही जवळजवळ सगळा लेख निस्तरला आणि मग एक वाक्य राहिलं.

'पूर येण्याआधी त्याचा वास येत असे, आणि तो वास ओळखणारे एक तरी माणूस प्रत्येक घरात असे.'

खारघरच्या ग्रंथालयात काही मिळालं नाही. त्या रंगीत पुस्तकातही नव्हतं, आणि असतं तरी ते पुस्तक आधार म्हणून चाललं नसतं. अकोल्याच्या बाईंनी त्यांच्या परीने शोधलं. एका जुन्या प्रवासवर्णनात त्यांना एवढं मिळालं की पुराचं पहिलं पाणी हिरवं असे आणि त्याला घाण येई.

"झालं तर मग," मी म्हटलं. "हेच लावून टाकू."

त्यांनी ते पान मला पुन्हा वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, "ताई, उद्या एखाद्यानं ते पान उघडलं, तर त्यात त्याला मिस्टरांचं वाक्य सापडेल का? पाण्याला घाण येत होती, एवढंच आहे तिथं. घरोघरी माणूस होता, तो वास ओळखत होता, हे कुठं आहे?"

नव्हतं. मला माहीत होतं.

मी उरणला गेले. सासूबाई तिथेच राहतात, दिराकडे. पनवेलहून एसटीने जाताना पूर्वी दोन्हीकडे मिठागरं दिसायची, आता कंटेनरांचे डोंगर दिसतात. घरी पोहोचले तेव्हा त्या ओट्यावर बसून वाळलेला जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि हात लावला. जरा वेळाने विचारलं, "आई, पाणी यायच्या आधी वास येतो का?"

"कुठलं पानी?"

"भरतीचं. पुराचं. कुठलंही."

"येतं नाय तं काय! चिखलाचा वास येगला, नव्या पान्याचा येगला. भर पावसात डोंगराकडनं पानी आलं का त्याचा अजून येगला." त्यांनी मान वर केली. "तुज्या नवऱ्याला मीच शिकवलेलं. एवढासा होता. डोले मिटून उभा रायचा दारात आनि सांगायचा, आई, आलं पानी. कदी चुकला नाय."

"घरात अजून कुणाला यायचं का?"

"त्याच्या आज्याला यायचं. मंग त्याला. हरेक घरात असतंच कुनीतरी एक." मग हात पुन्हा जवळ्यात घालून म्हणाल्या, "क्याला इचारतेस?"

मी मूठभर जवळा माझ्याकडे ओढला. नाईल न पाहिलेल्या माणसाने नाईलच्या काठी आपला कोळीवाडा नेऊन ठेवला होता. आजोबांना तिथल्या एका घरात बसवलं होतं आणि स्वतःला दारात, डोळे मिटून. मी त्यांच्याबरोबर एवढी वर्षं संसार केला, आणि ही गोष्ट मला त्यांनी कधी सांगितली नव्हती. सांगण्यासारखी आहे असं त्यांना वाटलंच नसेल. जहाजावरून फोन करायचे तेव्हा मागे इंजिनाचा आवाज असायचा, आणि आमचं सगळं बोलणं पोचलात का, जेवलीस का, एवढ्यातच संपायचं.

परतीच्या एसटीत मी बाईंना फोन केला आणि सासूबाई बोलल्या ते सांगितलं. म्हटलं, "आधार आहे, बघा. जिवंत माणूस आहे."

"आहे, पण नाईलचा नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "तो तुमच्या खाडीचा आहे."

"खाडीच्या लेखात घालू मग?"

"तिथंही छापील काहीतरी लागेल. आईंनी तुम्हाला सांगितलं, हे माझ्यासाठी खरं आहे. पण दुसऱ्याला ते पडताळता येत नाही ना."

ते वाक्य त्या स्वतः काढू शकल्या असत्या. नियमाने त्यांनी ते कधीच काढायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "मी हात नाही लावणार. तुम्हाला जमेल तेव्हा बघा."

पुष्कळ दिवस मला ते जमलं नाही. लेख उघडायचे, सगळी ओळ निवडायचे, ती निळी व्हायची, आणि मी लेख तसाच बंद करायचे. बाकीचा लेख स्वच्छ झाला होता. फक्त त्या एका ओळीच्या शेवटी ते दोन शब्द लटकत होते, आणि ते मला रोज दिसायचे. मग एका दुपारी वर्गात मी मुलांना सांगत होते की इतिहासात पुरावा नसेल तर आपल्याला कितीही वाटलं तरी ते लिहायचं नसतं. बोलता बोलता मी थांबले. मुलांना वाटलं मी काही विसरले. वर्ग सुटला, मुलांच्या चपलांचा आवाज जिन्यातून खाली गेला, आणि मी खुर्चीत बसून ती ओळ काढली. बदलाचं कारण लिहायला तिथे एक छोटी जागा असते. तिथे मी लिहिलं, 'संदर्भ उपलब्ध नाही.' अजून काही लिहावंसं वाटत होतं, पण ते त्या जागेत मावणारं नव्हतं.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. त्यांनी बघितलं होतं. म्हणाल्या, "लेखाच्या इतिहासात सगळं राहतं, ताई. प्रत्येक जुनं रूप. कधीही उघडून बघता येतं." मला ते माहीत होतं, तरी त्यांनी सांगितलं ते बरं वाटलं. कधी कधी मी बघतेही. तिथे ह्यांच्या खात्याच्या नावापुढे दुपारच्या वेळा आहेत. एका ओळीनंतर थोडं थांबलेलं दिसतं, मग पुढची ओळ. मधे काय झालं असेल? चहा आणला असेल मी, किंवा दम लागला असेल.

अकोल्याच्या बाईंना मी अजून प्रत्यक्ष भेटलेले नाही. आता आम्ही दोघी मिळून इतर लेखांवर काम करतो. कुणी साधा काटा टाकून लिप्यंतर केलं की आधी माझ्याच नजरेस पडतं. मी नवीन लिहिणाऱ्यांना 'संदर्भ हवा' लावते तेव्हा सोबत दोन ओळी लिहिते, आधी विचारते, सवड आहे का, मदत हवी का. पलीकडे घरात काय चाललं असेल ते आपल्याला कळत नाही.

लेख पुरा झाल्यावर मी पुन्हा उरणला गेले. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून फोनवर लेख काढून त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. कोर, टिंब, हे सगळं गाळून नुसता मजकूर वाचला. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "यात माज्या पोराचं काय हाय?"

मी फोन वर-खाली करून शोधायला लागले. पहिली ओळ आता माझी आणि बाईंची होती. वर्णनाचा भाग पुस्तकांतून घेऊन पुन्हा लिहिलेला. शेवटी ते एक वाक्य सापडलं, ज्यातला एकही शब्द कुणी बदलला नव्हता. "हे त्यांचं," मी म्हटलं आणि वाचलं, "पूर आला की लोक आनंद करत, आला नाही की उपास पडत."

"परत वाच."

मी परत वाचलं.

त्यांनी ओठांतल्या ओठांत ते म्हणून पाहिलं, आपल्या पद्धतीने, 'आनंद'च्या जागी 'खुशी' घालून. मग विचारलं, "ती नदी दर्याला मिलते ना? तिकडं खाडी असंल मंग."

"आहे. मोठी आहे."

"मंग मासली पन असंल," त्या म्हणाल्या, आणि सूप जवळ ओढून पुन्हा जवळा निवडायला लागल्या. ओट्यासमोर ओहोटी लागली होती. मला उठवेना. संध्याकाळची एसटी निघून गेली, आणि त्या दिवशी मी तिथेच राहिले.